आत्याच्या पाठीतला धपाटा

गोजरबाई बांधावर उभी राहून ओरडायला लागली की आमच्या डिंगोऱ्यातले लोक दोन गोष्टी ओळखतात. एक, कुणाच्या तरी घरी पाळणा हललाय. आणि दुसरी, आज दुपारपुरता तरी बिबट्या त्या उसात थांबत नाही.

गोजरबाई गावाची आत्या आहे. सख्खी म्हणाल तर फक्त तिच्या भावाच्या, धर्माजीच्या पोरांची. तिला निमगाव सावाला दिली होती. नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं, ती माहेरी आली ती कायमची. आता बारशाला आत्या लागतेच. कुणाची आत्या ठाण्याला, कुणाची रुसलेली, कुणाला आत्याच नाही. अशा वेळी लोक गोजरबाईला बोलवायला लागले, आणि तिनं ते काम असं काही धरलं की पुढं सख्ख्या आत्या हजर असल्या तरी त्यांना बाजूला सारून ही पुढं व्हायची. बाळाच्या कानात 'कुर्र' करायचं, नाव सांगायचं, आणि नेमक्या त्याच वेळी मागून बायका पाठीत धपाटे घालतात ते मुकाट्यानं सोसायचे. धपाटे म्हणजे गंमत असते हे मान्य. पण आमच्याकडच्या बायका टोमॅटोची क्रेट एका हाताने उचलणाऱ्या. त्यांची गंमत दोन दिवस दुखते. भागू नावाची तिची शेजारीण तर आधी पदर खोचून घेते, मग हात उगारते.

मी हितेश. गावात आमचं किराणा दुकान आहे. माझे आजोबा पोपटलाल ओतूरच्या पेठेतून इथं आले आणि 'दोन वर्षं बघू' म्हणत राहिले ते राहिलेच. आमच्या मारवाड्यांतही नाव ठेवायचा मान भुआचा, म्हणजे आत्याचाच. माझ्या वेळी माझी भुआ तिकडं राजस्थानात पालीला अडकली होती. आजी झमकूबाईनं गोजरबाईला बोलावलं आणि सांगितलं, पन्नालाल ठेवायचं ठरलंय, तू फक्त कानात सांग.

गोजरबाई म्हणाली, "फक्त कानात सांगायला मी काय पोष्टमन हाय का? आदी बगाया लागंल."

तिचं बघणं म्हणजे काय ते सांगतो. नाव ठरलं की ती बांधावर जाते. ओढ्याच्या पलीकडं भागूला उभं करते. मग ते नाव तीन तऱ्हांनी ओरडते. एकदा जेवायला बोलावल्यासारखं, एकदा पोरानं दुधाचं पातेलं सांडल्यासारखं, आणि एकदा ते पोर लांब कुठं तरी चाललंय आणि आता दिसणार नाही अशासारखं. तिन्ही हाका नीट लागल्या की मग भागूची पाळी. भागूनं त्या नावाचं वाटोळं करून दाखवायचं. तिच्या तोंडाला गावात औषध नाही. तिला हिरड्यांवर मिश्री फिरवून होईपर्यंत वेळ. तेवढ्यात तिला चिडवायला काही सापडलं तर नाव बाद.

पन्नालाल हाकेलाच छान होतं म्हणतात. पण भागूनं बोट तोंडातून काढायच्या आत "पन्ना लाल, शेंबडा गाल" म्हणून टाकलं. माझ्या आजीनं डोक्याला हात लावला. मग माझ्या आईनं घाबरत घाबरत 'हितेश' सुचवलं. भागूनं मिश्री संपवली, चूळ भरली आणि सांगितलं, "ह्याचं काय व्हत न्हाई. ठिवा." असा मी हितेश झालो, आणि शाळेत सगळ्यांना टोपणनावं पडली तरी मला पडलं नाही. गल्ल्यावर बसतो तेव्हा कधी कधी वाटतं, पन्नालाल असतो तर आज मी कोण असतो?

बाकी गाव एकमेकांची नावं मोडतं. स्वराजचं स्वऱ्या, पीयूषचं पिया. गोजरबाई मोडत नाही. ती स्वतः ठेवलेलं प्रत्येक नाव सबंध उच्चारते, मग तो माणूस चाळीस वर्षांचा टेम्पोवाला का असेना. तिला स्वतःचं लेकरू नाही. गावभर फिरणारी ही नावं हीच तिची लेकरं आहेत, असं मला वाटतं, आणि ते मी तिला कधी बोलून दाखवलेलं नाही, कारण ती रडणार नाही, मला मारेल.

तर एवढं सगळं असलेली गोजरबाई या आषाढात एका सकाळी माझ्या दुकानात आली, पिशवी फळीवर आपटली आणि म्हणाली, "हितेश, ह्ये स्तर एक कोन हाय?"

मी म्हटलं, "कोण?"

"आमच्या समृद्धीला शाळंत स्तर एक म्हनत्यात. मी काय असलं नाव ठिवलं न्हाई. कुनी ठिवलं?"

समृद्धी म्हणजे धर्माजीची नात, चौथीत शिकते. तिचंही नाव अर्थात बांधावरून पास होऊन आलेलं. माझ्या दुकानात ती रोज चिक्की घ्यायची, म्हणून मी तिला चिक्कीबाई म्हणायचो. जिभेनं तिखट, हिशेबात पक्की, सुटे पैसे परत देताना मी चुकलो तर माझ्याच तोंडावर मोजून दाखवणारी. पण वाचायचं आलं की पोरगी अडते. साधी अक्षरं भराभर जातात, आणि जोडाक्षर आलं की पाण्याच्या काठाशी आलेल्या शेळीसारखी पाय रोवून उभी राहते. ओढली तरी पुढं नाही.

मी शाळेच्या समितीत आहे. माझी जागृती तिथं तिसरीत आहे म्हणून, आणि सभेचा चहा माझ्या दुकानातून जातो म्हणून. यातलं कोणतं कारण मोठं, ते अजून कळलेलं नाही. समितीत असल्यामुळे स्तर एक म्हणजे काय ते मला ठाऊक होतं. मी आत्याला समजावलं. आमच्या वेळी अशा पोरांना सरळ ढ म्हणायचे. मग वरून सांगितलं, ढ म्हणू नका, मुलांना लागतं, कच्चा म्हणा. मग कच्चा लागायला लागलं, अप्रगत आलं. मग अप्रगत लागायला लागलं, स्तर आले. जे वाचत नाहीत ते स्तर एक. सांगणारे दर वेळी मनापासून सांगायचे आणि पोरं दर वेळी तो शब्द दिवाळीच्या आत नासवायची. यंदा तर पंधरा दिवसांत काम झालं होतं. "ए स्तर एक, पाणी आण." "ए स्तर एक, तुझी चड्डी उलटी." समृद्धीनं चार दिवस ऐकून घेतलं, पाचव्या दिवशी दप्तर खुंटीला अडकवलं आणि घरी सांगितलं की आता शाळा बंद. धर्माजीनं रागावून पाहिलं, आजीनं लाडू करून पाहिला. लाडू खाल्ला, शाळा बंदच.

गोजरबाईनं सगळं ऐकलं आणि विचारलं, "म्हंजी सरकारनं पोरीचं नाव बदललं. बारशाला ह्ये सरकार व्हतं का?"

"नव्हतं."

"पाळना कुनी हलवला? घुगऱ्या कुनी वाटल्या?"

"घुगऱ्यांचे हरभरे माझ्याकडनं गेले होते आत्या, मला आठवतंय."

"मग चल माज्याबरं शाळंत."

मी दुकान बायकोवर, डिंपलवर सोडलं आणि गेलो. खरं सांगायचं तर मजा बघायला गेलो.

शाळेत रत्ना मॅडम आहेत. घोडेगावहून स्कूटीवर येतात, वयानं लहान, पण पोरांवर जीव आहे. मला वाटलं होतं आता चांगली जुंपणार. पण मॅडमच रडकुंडीला आलेल्या. म्हणाल्या, "आत्या, मी वर्गात तो शब्द तोंडातून काढत नाही. पण रोज वर माहिती भरायची असते, पोरं बघतात." आणि मग त्यांनी एक बातमी दिली. वरती आता नियमातले हे असले सगळे जुने शब्द काढून टाकायचं चाललंय. मागं पडणाऱ्या मुलांना कायद्यात काय म्हणायचं, यासाठी शाळा-शाळांकडून सूचना मागवल्यात. श्रावण संपायच्या आत केंद्रप्रमुख साहेब येतील आणि आपल्या शाळेची सूचना घेऊन जातील.

गोजरबाईचा चेहरा असा उजळला की विचारू नका. आयुष्यभर एकेका पोराचं नाव ठेवलं, आता महाराष्ट्रभरच्या पोरांचं एकदम ठेवायचं! तिनं तिथल्या तिथं पदर खोचला आणि भागूला निरोप धाडला.

समितीची सभा बांधावर झाली. अशी सभा नियमात बसते का, हे मॅडमनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. सरपंच चांगदेव मोटारसायकलवरून आले. भागू ओढ्यापलीकडं मिश्रीची डबी घेऊन सज्ज.

मॅडमनी लाजत पहिला शब्द दिला, 'उमलत्या कळ्या'. गोजरबाईनं तीन हाका मारल्या. भागू लगेच कमरेवर हात ठेवून ओरडली, "ए कळे, उमल की गं! किती वाट बगायची तुजी?" मॅडमना हसू आवरेना आणि पाठोपाठ त्यांचा चेहरा पडला, कारण वर्गातली कोणती पोरं हे कोणत्या आवाजात म्हणतील ते त्यांना ऐकू आलं होतं.

चांगदेवांनी घसा खाकरून 'उद्याचे तारे' म्हटलं. त्यांना भाषणाची सवय आहे. भागू म्हणाली, "मंग आज काय, आवस हाय?"

मी म्हटलं, उगाच फुलं-तारे नकोत, साधं 'सावकाश शिकणारे' म्हणा. भागूनं काही जोडलंसुद्धा नाही. तिनं तोच शब्द नुसता लांबवला, सा... व... का... श... आणि तोंड वाकडं केलं. माझ्याच शब्दाची मलाच लाज वाटली.

ऊन चढलं, मिश्री संपत आली, एकही शब्द टिकेना. तेवढ्यात गोजरबाईची नजर चांगदेवांवर गेली. ती त्यांच्याकडं बघत राहिली, बघत राहिली, मग बांधावर चढली आणि तिन्ही हाका दिल्या, "सरपंच! सरपंच! सरपंच!"

चांगदेव दचकून "काय?" म्हणाले.

"तुमाला न्हाई. भागू, बोल आता."

भागू विचारात पडली. मिश्री संपली, तरी विचार करत होती. शेवटी हात झटकून म्हणाली, "सरपंचाला काय चिडवायचं बाई? दाखल्याव सही त्योच करतो."

नाव पास. गोजरबाई म्हणाली, ज्याच्या मागं मान हाय तेच नाव द्यायचं, मग कुनाची हाय टाप? चांगदेवांची छाती चार बोटं फुगली. समाजातल्या दुर्बलांसाठी आपलं पद कामी येत असेल तर, असं त्यांनी सुरू केलं होतं, पण भागू ओढा ओलांडून आली आणि सगळे उठले. साहेब येईपर्यंत शाळेत वापरून बघायचं ठरलं. मॅडम थोड्या कचरत होत्या. पण समृद्धी परत येत असेल तर काहीही चालेल, असं त्या म्हणाल्या.

समृद्धीला गोजरबाईनं स्वतः सांगितलं. आता तुला कोणी स्तर एक म्हणणार नाही, तू सरपंच. मी तपासून घेतलंय. पोरीनं विचारलं, "भागूआजीनं बगितलं का?" बघितलं म्हटल्यावर दप्तर खुंटीवरून निघालं. सकाळी ती माझ्या दुकानावरून अशी गेली की जणू ग्रामपंचायतच चाललीय, आणि चिक्की घेतली.

पुढं काय झालं असेल ते तुम्ही ओळखलं असेल. आम्ही पाचही शहाण्यांनी ओळखलं नव्हतं.

त्याच आठवड्यात चांगदेव दुकानात आले. चेहरा लाल. इकडंतिकडं बघितलं, गिऱ्हाईक जाईपर्यंत थांबले, मग आवाज खाली आणून म्हणाले, "हितेशभाऊ, आमच्या स्वराजला शाळेत शिवी दिली. पोरगं रडत घरी आलं."

"कोणती शिवी?"

त्यांनी पुन्हा एकदा दाराकडं बघितलं. "सरपंच म्हनले त्याला."

मी साखरेच्या पोत्यामागं खाली वाकलो. काहीतरी सांडलंय असं दाखवलं आणि तोंडात रुमाल कोंबला.

"हसू नका राव! पोरं म्हनत्यात, तुला पाढे येत न्हाईत, तू सरपंच. मास्तर लोकांनी माझ्या खुर्चीची पार शोभा केली. पुढच्या विलेक्शनला उभं ऱ्हावं का नको तेवढं सांगा."

चांगदेव गेले आणि मग मला हसू यायचं थांबलं, कारण समृद्धी त्या दिवशी दुकानावरून गेली नव्हती.

संध्याकाळी गोजरबाई आली. पिशवी नाही, काही घ्यायचं नाही. दुकानाच्या पायरीवर बसली. मी चहा दिला, तो तसाच राहिला. म्हणाली, "पोरगी काय म्हनली ठावं हाय का? आत्याआजी, तुजं नाव बी चिडवायचंच निगालं."

चाळीस वर्षांत मी तिला अशी हरलेली पाहिली नव्हती. मला वाईट वाटलं, फार वाईट वाटलं, आणि मी वेड्यागत बिस्किटाची बरणी पुढं केली.

"माजं एक बी नाव आजवर परत आलं नव्हतं रं," ती म्हणाली. "सोन्यासारकं पारखून दिलं, आन् पोरीनं दप्तर परत खुंटीला लावलं. आता ती माज्याकडं बगत बी न्हाई."

इतक्यात भागू मिश्री घ्यायला आली. तिनं गोजरबाईकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, बरणीतलं एक बिस्कीट घेतलं आणि पायरीवर टेकली. म्हणाली, "गोजरे, तुजी पाठ दुकती का?"

"माजी पाठ कशापाई दुकंल?"

"त्येच म्हनती मी. दर बारशाला तुज्या पाठीत मी हात साफ करती. दोन दिस कण्हतीस. ह्या टायमाला कुनी घातला धपाटा? तू नाव फुकाट ठिवलंस. त्या शाळंवाल्यांनी बी फुकाट ठिवलं. पोरं बी फुकाटच ठिवत्यात. मंग काय, नावाला तोटा न्हाई."

ती हे चिडवायलाच बोलली होती, मला माहीत आहे. भागू दुसऱ्या कशासाठी बोलत नाही. पण गोजरबाईनं मान वर केली. गार झालेला चहा एका घोटात संपवला आणि माझ्याकडं बघून विचारलं, "त्यो साहेब कवा येनार हाय?"

साहेब आले ते नारळी पौर्णिमा झाल्यावर. माणूस सज्जन, आवाज मऊ. शाळेच्या व्हरांड्यात सतरंजी टाकली होती. चांगदेव आले होते, पण 'सरपंच' म्हणून कुणी हाक मारली की दचकत होते. गोजरबाई दाराशी उभी होती. तिचं बोट धरून समृद्धी. पोरीला वर्गात बसावं लागणार नाही, नुसतं दारात उभं राहायचं, या बोलीवर ती आली होती. भागू मागं खांबाला टेकून.

साहेबांनी चष्मा लावला, मॅडमना विचारलं, "बरं, आपल्याकडं स्तर एकची मुलं कोणकोणती?" आणि दारात पोरगी दिसली म्हणून प्रेमानं म्हणाले, "ही त्यातलीच का?"

समृद्धीनं बोट सोडवून पळायला पाहिलं. गोजरबाईनं सोडलं नाही.

"साहेब, तुमी कुटले?"

"मी? मंचरकडचा."

"तुमच्याकडं बारसं करत्यात का?"

"म्हणजे काय आजी, करतात की."

"नाव कोन ठिवतं?"

"आत्या."

"आन् नाव ठिवताना आत्याच्या पाठीत काय घालत्यात?"

साहेब हसले. "धपाटे."

"आत्ता तुमी ह्या पोरीला नाव दिलं. मंग वाका."

साहेबांना आधी ती थट्टा वाटली. मग गोजरबाईच्या तोंडाकडं बघून ती थट्टा नाही हे कळलं. त्यांनी मॅडमकडं पाहिलं. मला वाटलं मॅडम आता आत्याला बाहेर नेतील. पण रत्ना मॅडम उठल्या आणि हळूच म्हणाल्या, "सर, आधी मी. मी रोज भरते तो शब्द." आणि ओढणी सावरून त्या समृद्धीसमोर वाकल्या.

समृद्धी घाबरली. मॅडमच्या पाठीत कसं मारायचं? तिनं हात नुसता टेकवला. मागून भागूचा आवाज आला, "अगं डास मारतीस का बाळाला थोपटतीस? जीव लाव की जरा!"

वर्गाच्या खिडकीत सगळी पोरं गोळा झाली होती. समृद्धीनं एकदा खिडकीकडं बघितलं, एकदा आत्याआजीकडं, आणि घातला. बरा बसला. मॅडम "आई गं" म्हणून हसतच उभ्या राहिल्या, पण डोळ्यांत पाणी होतं. ते धपाट्याचं नव्हतं.

आता साहेबांना इलाज राहिला नाही. त्यांनी चष्मा काढून माझ्या हातात दिला आणि वाकले. तोवर पोरीचा हात मोकळा झाला होता. तिनं असा दणका दिला की साहेबांच्या खिशातलं पेन सतरंजीवर पडून चांगदेवांपर्यंत घरंगळत गेलं. खिडकीतून एकच आरडाओरडा झाला. साहेब पाठ चोळत सरळ झाले. त्यांचा चेहरा कसा होता ते मला नीट सांगता येणार नाही. रागावलेला नव्हता एवढं नक्की.

"काय नाव बेटा तुझं?" त्यांनी विचारलं.

"समृद्धी."

"कुठं अडतं तुझं, समृद्धी?"

"जोडाक्षराला." मग आत्याआजीकडं तिरकं बघत ती म्हणाली, "हिनं माज्या नावातच घालून ठिवलंय एक."

"आणखी कुठं?"

"बास. तेवडंच."

साहेब मॅडमकडं वळले. मॅडम म्हणाल्या, रोज जेवणाच्या सुट्टीनंतर अर्धा तास मला एकट्या हिच्याजवळ बसता आलं तर दिवाळीपर्यंत होईल, पण तो अर्धा तास माहिती भरण्यात जातो. गोजरबाईनं तोंड घातलं. "भुकेल्या पोराला भाकर द्येतो साहेब. भुकेलं असं नाव ठिवून कोपऱ्यात बसवत न्हाई."

"पण आजी, वरती एक शब्द मागितलाय," साहेब म्हणाले. "शब्द काय कळवू?"

त्यावर बरीच ओढाताण झाली. आमच्या शाळेची सूचना शेवटी अशी गेली: मुलांना शब्द नको. कुठं अडतं आणि त्यासाठी काय करणार, हे त्या त्या मुलाच्या नावापुढं साध्या वाक्यात लिहावं. खाली गोजरबाईनं अंगठा उमटवायच्या आधी एक ओळ घालायला लावली, की एवढं करूनही कुणाला नाव ठेवायचंच असेल तर ठेवणाऱ्यानं आधी पाठ द्यावी. साहेब म्हणाले, हे असलं कायद्यात चालत नाही. मग पाठीवरचा हात काढून म्हणाले, राहू द्या, वाचून तरी बघतील कुणी.

वरून अजून काही आलेलं नाही. येईल तेव्हा येईल. शाळेत मात्र पाठ द्यायचा नियम दुसऱ्या दिवशीच लागू झाला. पहिला आठवडा नुसते धपाट्यांचे आवाज माझ्या दुकानापर्यंत येत होते, त्यात स्वराजची पाठ सगळ्यात जास्त वाजली. पुढं आवाज कमी होत गेले. पोरं काही सुधारलीबिधारली नाहीत, त्यांच्या पाठी दुखायला लागल्या एवढंच. चांगदेव आता नावाला दचकत नाहीत.

आणि समृद्धी? साहेब येऊन गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकान उघडून उदबत्ती लावत होतो. पलीकडं रस्त्याच्या कडेला गोजरबाई उगाच उभी होती, आपण कुणाची वाट बघत नाही असं दाखवत. वरच्या अंगानं समृद्धी आली. पाठीवर दप्तर. मला इतका आनंद झाला की मी बरणीच उघडली आणि ओरडलो, "या या, चिक्कीबाई! लई दिवसांनी!"

ती थांबली. दप्तर काढून पायरीवर ठेवलं. बाह्या वर केल्या.

"काका, वाका."

"अगं, मी प्रेमानं म्हणतो चिक्कीबाई!"

तिनं क्षणभर विचार केला. रस्त्यापलीकडं गोजरबाई तोंडाला पदर लावून उभी होती.

"आत्याच्या पाठीत बी प्रेमानंच घालत्यात," समृद्धी म्हणाली.

गल्ल्यासमोर दोन गिऱ्हाइकं उभी होती. मी बरणीचं झाकण लावलं आणि वाकलो.